नवा घडीचा चाकू कागद सरसर कापतो, पण गाजर फोडतो. असं का?

रेतीकण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला घडीचा चाकू अखेर हातात आला. अगदी जुन्या धाटणीचा आहे. एकच पातं, नखाने उघडायची खाच, पाठीत स्प्रिंग, उघडलेलं पातं अडवून ठेवणारा खटका नाही, मुठीला दोन्ही बाजूंनी लाकूड. पातं साडेसात सेंटिमीटर, पोलाद १०९५. उघडताना अर्ध्यावर एकदा थांबतो आणि मग 'टक्' करून बसतो. मिटताना शेवटी बोट काढून घेतलं की स्वतःच फट्‌दिशी आत जातो. तो आवाज ऐकायला मी पहिल्या दिवशी निदान पन्नास वेळा उघडमीट केली असेल.

मग परीक्षा घ्यायला बसले. वर्तमानपत्राचा कागद आडवा धरून वरून खाली ओढला, सरसर कापला गेला. खूश होऊन एका ताटलीत एकेक वस्तू घेतली.

टोमॅटो: टोकाकडच्या भागाने साल लगेच सुटली. पण पूर्ण लांबी ओढली की पात्याच्या मध्यावर कुठेतरी अडखळतं आणि तिथे साल दबते.
सफरचंद: अर्ध्यापर्यंत गेलं, पुढे जोर लावावा लागला, शेवटी 'करक्' करून फोड उडाली.
गाजर: हे कापलंच नाही, फुटलं! एक तुकडा थेट जमिनीवर.
बटाटा: चकती पात्याला अशी चिकटली की सोलून काढावी लागली.
पाव: कडक साल ओरबाडली गेली, आतला मऊ भाग चेपला.

माझा प्रश्न असा की चाकू बोथट आहे का? बोथट म्हणावं तर कागद कसा कापतो? की असे पारंपरिक चाकू खाद्यपदार्थांसाठी नसतातच?

---

चहाबाज

अभिनंदन ताई! फोटो टाका की.

---

कानस

रेतीकण, अर्धं उत्तर तुमच्या निरीक्षणातच आहे. कागद कापला गेला, म्हणजे धार आहे. गाजर फुटलं, म्हणजे काप नाही. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि नवा चाकू घेणारे बहुतेकजण त्यांची गल्लत करतात.

धार म्हणजे पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. ती जितकी बारीक तितकी वस्तू पटकन चिरली जाते. पण तिचं काम पहिल्या केसभर अंतराचं. त्यामागून पात्याचं अंग आत शिरतं आणि त्याला जागा हवी असते. कागदाला जाडीच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. गाजर ताठ असतं, बाजूला सरकत नाही. जाड पातं त्यात पाचरीसारखं बसतं, दोन्ही बाजू फाकतात आणि धार पोचायच्या आधीच चीर पुढे धावते. ओंडका फोडताना कुऱ्हाड हेच करते. तिथे ते हवं असतं, इथे नको असतं.

टोमॅटोचं बरोबर उलट. साल चिवट, आतला गर मऊ. जाडी आड येत नाही, सगळी मदार रेघेवर. म्हणून टोमॅटो धारेबद्दल सांगतो, गाजर जाडीबद्दल सांगतं. बटाटा आणि चीज पात्याच्या गालांबद्दल सांगतात, म्हणजे रुंद सपाट बाजू किती चिकटते त्याबद्दल. सफरचंद या सगळ्यांच्या मधे बसतं, म्हणून मला ते सगळ्यात आवडतं.

तुमच्याकडे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर दोन मापं घ्या. एक पात्याच्या कण्याची, म्हणजे वरच्या जाड कडेची. दुसरं धारेच्या उताराची जिथे वर सुरुवात होते तिथलं. खरं माप हे दुसरं. तिथे ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर चाकू सुरेख कापतो. ०.६ च्या वर गेलं की कितीही घासा, गाजर फुटणारच.

---

झुळूक

@कानस काका, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवला. माझ्याकडचा एक चाकू केस भादरतो आणि सफरचंदात अडकतो. आज कारण कळलं.

---

उंबर

कानस यांच्याशी सहमत, पण एक मुद्दा सुटतोय. खिशातला चाकू म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी नव्हे. पातं साडेसात सेंटिमीटर आणि सफरचंद तेवढंच किंवा त्याहून मोठं. एका दमात आरपार जाण्याची अपेक्षाच चुकीची आहे. मी सफरचंद उभं धरतो, पातं देठापासून बियांच्या गाभ्यापर्यंतच घालतो आणि चाकूऐवजी सफरचंद फिरवतो. पूर्ण फेरी झाली की दोन्ही हातांनी हलकंसं पिळलं की दोन फोडी. गाजरालाही थेट खाली दाबू नका. टाच, म्हणजे पात्याचा मुठीजवळचा भाग, टेकवून पुढून मागे ओढत न्या. हे चाकू ओढून कापण्यासाठी आहेत, दाबून नव्हे.

माझ्याकडे आठ नंबरचा ओपिनेल आहे. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये फ्रान्समधल्या साव्हुआ भागात हा चाकू घडवला आणि आजही आकार जवळपास तोच आहे. पातं साडेआठ सेंटिमीटर, कणा अगदी पातळ, गाल किंचित फुगीर. त्या फुगीरपणामुळे बटाट्याची चकती पूर्ण चिकटत नाही. गाजर मात्र त्यानेही कधीकधी तडकतं, जाडजूड असेल तर. तेव्हा एका गाजरावरून नव्या चाकूला नापास करू नका.

---

कानस

@उंबर, ओढून कापण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण तंत्राने पाचर पातळ होत नाही. पाडव्याला कौतुकाने आणलेली वस्तू असो की वर्षानुवर्षांची, जाडी मोजल्याशिवाय मी निकाल देणार नाही.

---

पानगळ

रेतीकण, "एका ताटलीत" असं लिहिलंय. ताटली चिनीमातीची होती का? कारण असेल तर धारेचं अर्ध्याहून जास्त नुकसान तिनेच केलं असणार. त्या ताटलीवरचा चकाकता लेप फार कठीण असतो. प्रत्येक काप पूर्ण झाला की धार त्याच्यावर आपटते आणि दुमडते. उलटा पुरावा हवा असेल तर कपाच्या बुडाशी असलेली बिनलेपाची खरखरीत कडा बघा. तिच्यावर लोक सुरीला धार लावतात! जी वस्तू पोलाद घासून काढू शकते तिच्यावर टोमॅटो चिरायचा नाही. लाकडी पाट घ्या. काच, दगड, स्टीलचं ताट यांवरही नको.

---

रेतीकण

अरे देवा. हो, चिनीमातीचीच होती. आणि क्रम असा होता की टोमॅटो आधी, पाव सर्वात शेवटी. म्हणजे पावापर्यंत येईतो धार गेलेलीच असणार. ती परीक्षा बाद धरते.

व्हर्नियर शेजाऱ्यांकडून मागून आणते.

---

वेलदोडा

थोडं वेगळं लिहिते. १०९५ म्हणजे साधं कार्बन पोलाद. आकड्यातले शेवटचे ९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बन. स्टेनलेस म्हणायला निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, यात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे सफरचंद कापल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवलंत तर पातं काळवंडेल आणि फोडीच्या कडेलाही करडी रेघ येईल. घाबरू नका. फळातली आम्लं आणि टॅनिन लोखंडाशी संयोग पावतात, त्याचा तो रंग. कांद्याने जांभळट-निळसर छटा येते. ती फार देखणी असते आणि हळूहळू पात्यावर थर धरते. थर बसला की पुढे गंज कमी चढतो.

नारिंगी-तांबडा डाग दिसला तर मात्र तो गंज. तो लगेच काढायचा.

चवीचं सांगायचं तर कोऱ्या कार्बन पात्याने लिंबू चिरलं की पहिल्या फोडीला लोखंडी चव लागते. महिनाभर वापरल्यावर माझ्या चाकूची ती चव गेली. काहीजण पातं व्हिनेगरमध्ये बुडवून मुद्दाम थर आणतात. मला ते पटत नाही. आपण काय काय कापलं त्याचे डाग आपोआप जमत जावेत, त्यातच त्या चाकूशी ओळख होते.

---

उंबर

@वेलदोडा, थराबद्दल पूर्ण सहमत. माझ्या पात्यावर एका डाळिंबाचा डाग आहे, दोन वर्षं झाली, अजून गेलेला नाही. काढायचाही नाही.

---

चहाबाज

मी स्टेनलेसवाला. पुसायची कटकट नको वाटते. तुमचं प्रेम वाचून मात्र एक कार्बनचा घ्यावासा वाटायला लागलाय.

---

कानस

रेतीकण, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. टोमॅटो कापताना पातं मध्यावर अडखळतं आणि मिटताना चाकू फट्‌दिशी आत जातो. दोन्ही एकत्र वाचा.

पाठीत स्प्रिंग असलेल्या चाकूत पातं मिटल्यावर धार त्या स्प्रिंगच्या वरच्या अंगाजवळ येते. घडणाऱ्याने तिथे नीट अंतर ठेवलं नसेल किंवा अंतर अगदी बेताचं असेल, तर जोरात मिटताना धार स्प्रिंगवर आदळते. दर वेळी एकाच जागी. पन्नास वेळा आपटल्यावर तिथे रेघेचा सपाट ठिपका तयार होतो. कागदाला तो कळत नाही, कारण कागद आपण बहुधा टाचेकडून किंवा टोकाकडून, एखाद-दोन सेंटिमीटरनेच कापतो. टोमॅटोवर पूर्ण लांबी ओढली की नेमका तो सापडतो.

रात्री एकच दिवा लावा. धार वर करून चाकू दिव्याखाली धरा आणि हळूहळू कलता करा. नीट धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरा ठिपका चमकेल तिथे पोलाद सपाट झालंय.

---

मनमोर

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद. माझ्या लाग्योलच्या (हाही फ्रान्सचा पारंपरिक घडीचा चाकू) बाबतीत अगदी हेच झालं. पातं सोडून न देता बोटाने सावकाश आत बसवायचं हे मला सहा महिन्यांनी समजलं.

---

झुळूक

@मनमोर, स्वागत!

जाता जाता, खटका नसलेल्या चाकूबद्दल इथे कुणी सुरक्षेचं बोललं नाही म्हणून लिहिते. स्प्रिंग पातं नुसतं धरून ठेवते, अडवत नाही. टोक खुपसून कण्यावर दाब आला तर ते बोटांवर मिटतं. चीजच्या कडक चकतीत टोक अडकलं आणि मी ओढायच्या ऐवजी ढकललं, तेव्हा तर्जनीला चार टाके पडले. टोक खुपसायचं काम या चाकूला देऊ नका. आणि सफरचंद हातात धरून स्वतःच्या तळव्याकडे कापू नका.

---

पानगळ

अवांतर: खटका नसण्याचा एक कायदेशीर फायदाही असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला, खटका नसलेला घडीचा चाकू वेगळं कारण न देता जवळ बाळगता येतो. ३ इंच म्हणजे ७.६२ सेंटिमीटर. रेतीकण यांचं साडेसातचं पातं त्यात अगदी काठोकाठ बसतं. बहुधा घडणाऱ्याने हा विचार केलेला असावा. अर्थात प्रत्येक देशाचे नियम निराळे, आणि विमानाच्या केबिनमध्ये न्यायच्या भानगडीत पडू नका.

---

चहाबाज

ओपिनेलला फिरती कडी असते ना? ती खटक्यासारखीच चालते की.

---

उंबर

हो, ती विरोब्लॉक कडी, १९५५ पासून आहे. ती फिरवली की पातं जागच्या जागी घट्ट. पण त्या चाकूचं वेगळं दुखणं आहे. मूठ बीच लाकडाची, पाणी लागलं की फुगते आणि पातं नखाने उघडत नाही. मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. साव्हुआची जुनी युक्ती आहे ही. कलिंगड कापून नळाखाली धुतला की हमखास ठोकावं लागतं. म्हणून धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा.

---

रेतीकण

मंडळी, मोजमापं आली! कणा २.६ मिलिमीटर. धारेच्या उताराच्या वर ०.६५. काकांनी न बघता सांगितलं होतं तसंच.

आणि दिव्याखाली बघितलं. टाचेपासून साधारण तीन सेंटिमीटरवर तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढा ठिपका लखलखतोय. मुठीच्या आत वाकून पाहिलं तर स्प्रिंगवर त्याच जागी बारीक चीर दिसते. म्हणजे पन्नास वेळा तो आवाज ऐकायच्या नादात मीच धार मारली. वाईट वाटलं खरं, पण कारण सापडल्याचं समाधान मोठं आहे.

आता काय करू?

---

कानस

दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

आधी खांदे पातळ करायचे. खांदे म्हणजे उतार जिथून सुरू होतो ती धार-गालांमधली कड. पात्याची रुंदी किती ते बघा. १६ मिलिमीटर असेल तर ढोबळ हिशेब असा: कणा खड्यापासून (धार लावायच्या दगडापासून) पावणेतीन मिलिमीटर उचलला की १० अंश, चार मिलिमीटर उचलला की १५ अंश. पातळ करताना १० वर घासा. आधी उतारावर मार्कर पेनची शाई फासा. शाई कुठून जाते त्यावरून खडा नेमका कुठे लागतोय ते दिसतं. जाडाभरडा खडा, ३००-४०० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका खडा बारीक). घाई करू नका, दोन-तीन बैठका लागतील. पाणी घालत राहा.

मग १००० च्या खड्यावर १५ अंशांनी धार लावा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बर जाणवेपर्यंत. बर म्हणजे उलटलेली खरखरीत कड, अंगठा धारेच्या आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवला की लागते. ठिपक्याच्या जागी ती सगळ्यात शेवटी येईल. तिथेच जास्त घासायचा मोह होईल, तो आवरा. नाहीतर पात्याला पोटात खळगा पडेल आणि पाटावर ती जागा कधीच टेकणार नाही. पूर्ण रेघ ठिपक्याच्या पातळीपर्यंत खाली आणायची.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात, बर निघेपर्यंत.

---

उंबर

इथे माझा ठाम विरोध. ठिपका काढा, धार लावा, जरूर. पण कोऱ्या चाकूचे खांदे घासून टाकायला नवख्या माणसाला सांगणं मला योग्य वाटत नाही. एकदा गेलेलं पोलाद परत येत नाही. गालांवर ओरखडे पडतील. वर्षभर वापरून, दर वेळी थोड्या कमी कोनात धार लावत गेलं तर ती जागा हळूहळू आपोआप पातळ होते. शिवाय पातळ धार बोराच्या बीसारख्या कठीण वस्तूवर आपटली की दातरते.

---

वेलदोडा

दोन्ही बाजू पटतात. पण उंबरदादा, कापायला घेतलेला चाकू वर्षभर न कापता वापरायचा, हे कसं जमायचं? ओरखडे पडले तर पडू देत. थर बसला की दिसणारही नाहीत.

आणि १००० वर थांबा याला माझा दुजोरा. मी एकदा हौसेने ६००० पर्यंत नेऊन आरशासारखी धार केली. केस उडवायची, पण पिकल्या टोमॅटोच्या सालीवर घसरायला लागली. किंचित दातेरी धार साल पकडते. पावाच्या कडक सालीलाही तीच हवी.

---

झुळूक

परीक्षेसाठी एक सुचवते. पाट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि टोमॅटोवर पातं टेकवून हळू ओढा. साल सुटते त्या क्षणी काट्यावर किती ग्रॅम दिसतात ते कुणाला तरी बघायला सांगा. धार लावण्याआधी आणि नंतर, त्याच टोमॅटोवर. "बरं वाटतंय" यापेक्षा हे खात्रीचं.

---

रेतीकण

चार दिवसांनी लिहितेय. तीन बैठका झाल्या. उंबरदादांचं मन राखून पूर्ण पातळ केलं नाही, ०.६५ वरून ०.४ वर आणून थांबले. ओरखडे पडले आहेत, टाचेजवळ एक जरा खोलच. ठिपका गेला. बर त्या जागी खरोखर सगळ्यात शेवटी आली. तिची वाट बघताना दोनदा वाटलं की सोडून द्यावं.

वजनकाट्याची परीक्षा घेतली, या वेळी लाकडी पाटावर. आधी साल सुटायला ३८० ग्रॅम लागले होते, आता ९०. मध्यावर अडखळणं बंद. टोमॅटोच्या इतक्या पातळ चकत्या झाल्या की पाटाच्या रेषा त्यातून दिसत होत्या.

सफरचंद आरपार, आवाज न होता. पाव सुंदर कापला, चुरा कमी. कांदाही केला आणि डोळ्यांना फारसं जाणवलं नाही.

बटाटा अजून चिकटतो.

गाजर: बारीक बाजूला नीट चकत्या, जाड बाजूला शेवटच्या पाव भागात अजून 'कट्' होतं. पण तुकडा उडत नाही.

---

कानस

३८० वरून ९०, वा! कांद्याचं कारणही तेच. तीक्ष्ण धार पेशी चिरडत नाही, चिरते. झोंबणारा रस कमी उडतो.

बटाटा चिकटणारच. सपाट गाल आणि ओला पिष्टमय पृष्ठभाग. पातं आधी ओलं करून बघा, थोडा फरक पडतो. गाजरासाठी ०.३ वर जा असं मी म्हणणार होतो, पण ०.४ वर थांबलात ते बरं केलंत. पुढची दोन-तीन धारा लावण्यात तिथे पोचालच.

---

उंबर

०.४ ला माझीही हरकत नाही. आणि ताई, आता तरी तो सावकाश मिटा. मुठीच्या पोटात चामड्याचा पातळ तुकडा चिकटवला तर धार स्प्रिंगपर्यंत पोचणार नाही. मी एका जुन्या चाकूत तसा बसवलाय.

---

पानगळ

कापून झाल्यावर सांधा साफ करता ना? सफरचंदाचा रस आत सुकला की उघडमीट जड होते, मग आतून गंज. कोमट पाण्याचा थेंब, मऊ ब्रश, पूर्ण कोरडं करून खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा एक थेंब. स्वयंपाकाचं तेल नको, ते काही आठवड्यांत चिकट होतं. आणि कच्चं मांस या चाकूने शक्यतो नकोच, सांध्यात गेलेलं धुतलं गेलं की नाही याची खात्री देता येत नाही.

---

रेतीकण

@उंबर, चामड्याचा तुकडा आजच बसवला. जुन्या पाकिटाचा कोपरा वापरला. मिटताना आता आवाज येत नाही. उघडतानाचा 'टक्' मात्र तसाच आहे.

@पानगळ, सांधा साफ केला. ब्रशला टोमॅटोची एक बी लागून आली!

---

वेलदोडा

लिंबू राहिलं की. त्याची चव कशी लागते ते कळवा.

---

रेतीकण

लिंबू उद्या. आज पात्यावर कांद्याचा पहिला निळसर डाग उमटलाय, आज रात्रभर त्याला हात लावणार नाही.